गुलाबी मिश्री

माझ्या सासूबाईंचे खालचे पुढचे चार दात हलायला लागले, तेव्हा त्यांनी ही गोष्ट घरातसुद्धा कुणाला सांगितली नाही. दुखण्याची त्यांना भीती नव्हती. भीती होती ती चारचौघींत कळण्याची, कारण त्या गावात मिश्री भाजून देत असत आणि त्यांचे दात हीच त्यांच्या मिश्रीची जाहिरात होती.

गाव घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडे. शिरूर तालुक्याचं शेवटचं टोक. तिथल्या बाया सकाळी उठल्या की चहाच्या आधी मिश्री लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून पूड करायची आणि उंबऱ्यात बसून बोटानं हिरड्यांवर घासायची. नाव दात घासण्याचं. पण दात घासायला कुणाला अर्धा तास लागत नाही आणि दुपारी, संध्याकाळी पुन्हा घासावेसे वाटत नाहीत. मिश्री लावली की डोकं जागेवर येतं, एवढं सगळ्या कबूल करायच्या. हिरड्या घट्ट होतात, हे त्यावर वरून सांगायच्या.

भाजायचं काम मात्र कुणाला नको असायचं. धुरानं घर खोकतं. कच्ची राहिली तर झोंबते, करपली तर नुसता कोळसा. सासूबाईंचा हात त्यात बसलेला होता. बाया शिरूरच्या बाजारातून तंबाखू आणून आमच्या परसात ठेवायच्या आणि त्या भाजून द्यायच्या. कुणी त्याबद्दल वांगी आणून द्यायचं, कुणी हुलगे. वांगी आमच्या शेतातही होती. खरी मिळकत म्हणजे मान. लग्नकार्यात त्यांना पुढं बसवायचे. नवी सून घरात आली की तिला मिश्रीची डबी त्यांच्या हातून द्यायचे.

मी त्यांना आत्या म्हणायचे, तिकडची तशी पद्धत आहे. मी आणि माझे मालक राहायचो दौंडला. ते कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत पाळीवर होते आणि मी एका दातांच्या दवाखान्यात कामाला. हत्यारं उकळायची, कापूस वळायचा, खुर्चीत घाबरलेल्या माणसाचे हात धरून ठेवायचे. सासू मिश्री भाजणारी आणि सून दातांच्या दवाखान्यात, यावर आमचे डॉक्टर हसायचे. आमच्या दोघींत त्यावरून कधी भांडण झालं नाही. मी माझ्यापुरती मिश्री लावत नव्हते आणि त्या मला लाव म्हणत नव्हत्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दिवाळीला गावी गेले तर आत्या भाकरी दुधात कुस्करून खात होत्या. ही बाई ऊस सोलायला कोयता घ्यायची नाही. मी ताट ठेवलं आणि म्हटलं, "आत्या, तोंड उघडा."

"कशाला?"

"उघडा म्हणते ना."

"मी काय तुझं पेशंट हाय व्हय?"

"उघडा, न्हाईतर ह्यांना सांगते."

त्यांनी आधी दाराकडं बघितलं, मग तोंड उघडलं. मी खालच्या एका दाताला बोट लावलं. तो पुढं गेला आणि परत आला. हिरडी काळपट, सैल, दातांच्या मुळांवरून खाली उतरलेली. कडेनं जरा दाबलं तर पू आला.

मग सगळं बाहेर पडलं. त्या श्रावणातच शिरूरला बाजाराच्या दिवशी, पदर तोंडावर घेऊन, एका दातांच्या डॉक्टरकडं जाऊन आल्या होत्या. त्यानं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं, आजी, सगळेच काढून टाकू, कवळी बसवू, कटकट मिटेल.

"मी त्याला इचारलं," आत्या म्हणाल्या, "कवळीला मिश्री लावता येती का? तर म्हणला, कशाला लावायची? आता सांग, ह्याला काय कळतंय?"

त्या डॉक्टरला दोष देऊन उपयोग नाही. तेव्हा आमच्या भागात रीतच ती होती. दात हलला की काढायचा, बरेच काढून झाले की कवळी. पन्नाशीच्या माणसाला कवळी नसली तर लोक विचारायचे, अजून न्हाई व्हय बसवली? आमच्या दवाखान्यात एकेका घरातले नवरा-बायको जोडीनं येऊन दात काढून जायचे, म्हणजे घरी पेज एकदाच शिजवायला लागते.

"मग काढायचे का?" मी विचारलं.

"माझे दात पडले तर माझी मिश्री कोण लावंल?" आत्या म्हणाल्या. "कवळीवाली मिश्री भाजती, असं म्हणतील. मला हे चार दात पायजेत. कसं बी कर."

त्यांना मी आमच्याकडच्या हिरड्यांच्या डॉक्टरबद्दल सांगितलं.

ही डॉक्टर पुण्याची. वयानं तरुण, चष्मा, हातात स्टीलचा डबा. दर गुरुवारी गाडीनं दौंडला यायची आणि आमच्या दवाखान्यातली दुसरी खुर्ची तिला दिली जायची. दातांची साधी पदवी झाल्यावर आणखी तीन वर्षं ती नुसत्या हिरड्या शिकली होती. दौंडात ही गोष्ट लोकांना पटवून देण्याचं काम माझ्याकडं होतं.

"म्हंजी दातांची डॉक्टर न्हाई?" लोक विचारायचे.

"दातांचीच. पण हिरड्यांची."

"हिरड्यांना काय व्हतंय?"

"त्या सडल्या की चांगले दात पडतात. दात किडलेला नसतो, तरी पडतो."

"मग ती काढती का दात?"

"न्हाई. राखती."

"काढत न्हाई, मग डॉक्टर कशाची?"

यावर मी एक उत्तर बसवून ठेवलं होतं. मांडवाची मेढ हलायला लागली तर तुम्ही मेढ उपटून फेकता का? खड्ड्यातली भुसभुशीत माती काढता, दगड घालता, ठोकून घट्ट करता. ही बाई मातीचं काम करते. लोक माना डोलवायचे आणि शेजारच्या खुर्चीत जाऊन दात काढून यायचे.

त्यामुळं गुरुवारी ती डॉक्टर खुर्चीशेजारी पुस्तक वाचत बसायची आणि मी माशा मारायचे. आमचे मोठे डॉक्टर दर गुरुवारी तिला ऐकू जाईल असं म्हणायचे, "खुर्ची अडून राहते." शेवटी ठरलं की महिनाभर बघायचं. पेशंट आले तर ठीक, नाहीतर तिनं दौंडला येणं बंद करायचं. पुण्याला आत्या जाणार नव्हत्या. त्यांना एसटीत उलट्या व्हायच्या. दौंडपर्यंतच त्या लिंबू हुंगत यायच्या.

म्हणजे हिशेब सरळ होता. ही डॉक्टर दौंडला येत राहिली तर आत्यांचे दात राहणार, नाही तर शिरूरची कवळी.

गुरुवारी आत्यांना खुर्चीत बसवलं. डॉक्टरनं एक बारीक सळई हिरडीत घातली आणि मोजून आकडे सांगत गेली. मी लिहीत होते. सात, सहा, सात, आठ.

"आठ म्हंजी चांगलं का?" आत्यांनी विचारलं.

"आजी, तीन असायला पाहिजे. आठ म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामध्ये एवढा खोल खिसा झालाय. मिश्री लावता?"

आत्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी कागदाकडं बघत राहिले.

"लावते थोडी," आत्या म्हणाल्या. "हिरड्या घट व्हत्यात त्यानं."

"घट्ट झाल्यात का?"

यावर आत्यांनी विषय बदलला. तरुणपणी इनामगावला खोदकाम चाललं होतं, तेव्हा त्या मजुरीला जायच्या. जमिनीतून हजारो वर्षांपूर्वीची माणसं निघायची आणि त्यांचे दात जागच्या जागी असायचे. "म्या सोता बघितलंय," त्या म्हणाल्या. "बत्तीशी अशी चकचकीत. मेल्यावर दात पडत न्हाईत बाई, जित्तेपणीच पडत्यात. म्हंजी ह्यो वरच्याचा खेळ हाय. मिश्रीचा काय संबंध?"

डॉक्टरनं शांतपणे चष्मा पुसला. "आजी, त्या माणसांच्या वेळी आपल्याकडं तंबाखू नव्हती."

आत्यांनी डोकं खुर्चीला टेकवलं. मग म्हणाल्या, "करा काय करायचं ते."

काम दोन हप्त्यांत ठरलं. आधी खालची बाजू, मग वरची. दातांवरचं किटण काढलं, मग पुढच्या गुरुवारी सुया टोचून हिरडी बधिर केली, उघडली, आतली घाण खरवडून मुळं साफ केली आणि टाके घातले. हलणारे दात मागच्या बाजूनं तारेनं एकमेकांना बांधले. या सगळ्यात आत्या एकदाही हलल्या नाहीत. त्यांचं लक्ष मोठ्या डॉक्टरांकडं होतं. शेजारच्या खुर्चीत ते एका माणसाची दाढ उपटत होते आणि तो माणूस ओरडत होता. "त्याचं आवरा आधी," आत्या फुगलेल्या तोंडानं म्हणाल्या.

शेवटी टाक्यांवर लेप बसवला. दोन मलमं काचेवर कालवायची, कणकेसारखी वळी करायची आणि हिरडीवर दाबून बसवायची. कालवण्याचं काम माझं. रंग गुलाबी, वास लवंगेचा. आठ दिवस तो तिथंच राहतो आणि खालची जखम झाकली जाते.

"आठ दिवस मिश्री बंद," डॉक्टर म्हणाली. "त्या बाजूला बोटसुद्धा लावायचं नाही. मऊ खायचं. पुढच्या गुरुवारी टाके काढू. मग वरची बाजू."

आत्या माझ्याकडं दौंडला राहणार होत्या. दोन दिवस राहिल्या. त्या दोन दिवसांत मिश्री नसल्यानं त्यांनी माझ्या घरातली भांडी तीनदा लावली, माझ्या मालकांना रात्रपाळीवरून आल्यावर झोपू दिलं नाही आणि शेजारणीला तिच्या तोंडावर सांगितलं की तिच्या पोराचं नाक तिच्या दिरासारखं आहे. तिसऱ्या दिवशी मीच त्यांना शिटा भरल्या की सुटणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसवलं. लेप आहे तसा ठेवा म्हणून बजावलं. पुढच्या गुरुवारी सकाळी परत या म्हटलं.

गुरुवारी दहा वाजता दवाखान्यासमोर एक जीप थांबली. आधी आत्या उतरल्या. त्यांच्यामागून एक बाई उतरली, मग दुसरी, मग तिसरी. मी काचेतून मोजत होते. आत्या सोडून अकरा बाया उतरल्या आणि ड्रायव्हर. सगळ्या गावच्या, सगळ्या माझ्या ओळखीच्या. सगळ्यांचे पदर डोक्यावर आणि तोंड धुतलेलं.

आमच्या दवाखान्यात बाकडं एकच होतं. बाकीच्या खाली बसल्या. मोठे डॉक्टर बाहेर आले, एवढ्या बाया बघून म्हणाले, "कुणाला काय झालं? अपघात का?"

"हिरड्यांच्या डॉक्टरीणबाईकडं आलोय," त्यातली सगळ्यात वयस्कर म्हणाली. तिला गावात सगळे मामी म्हणायचे. "आमचा नंबर लावा."

हिरड्यांच्या डॉक्टरनं पुस्तक मिटलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला बरं वाटलं. तिला वाटलं, लोकांना कळायला लागलं. ती मला हळूच म्हणाली, "तुम्ही समजावून सांगितलंत गावात?"

मी आत्यांकडं बघितलं. आत्या भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होत्या. कुठं तरी पाणी मुरत होतं.

पहिल्यांदा मामी खुर्चीत बसली. डॉक्टरनं विचारलं, "काय त्रास होतोय?"

"तरास काय न्हाई. लावा."

"काय लावू?"

"ती गुलाबी मिश्री. हिच्या सासूला लावली ती. जराशी जास्ती लावा, माझं तोंड मोठं हाय."

मी आत्यांना दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं, जिथं आम्ही हत्यारं उकळायचो.

"काय सांगितलंत गावात?"

"काय सांगणार? गेल्या गेल्या बाया तंबाखू घेऊन आल्या. मी बोलले तर तोंडातलं दिसलं. म्हणल्या, हे काय? आता हिरडी सडली, कापली, असं सांगू? मिश्री भाजणारीची हिरडी सडली म्हणून?"

"म्हणून सांगितलंत मिश्री आहे?"

"मी म्हणले नवीन हाय. दौंडला मिळती. डॉक्टरीण सोता लावती. एकदा लावली की आठ दिस बघायला नको." त्यांनी आवाज खाली आणला. "आगं, लवंगेचा वास घेतला त्यांनी. मग काय, ऐकतात व्हय?"

"आणि तुम्ही त्यांना घेऊन आलात."

"त्या आल्या! मी जीपमदी बसले तर आदीच सगळ्या बसलेल्या. ड्रायव्हर म्हणला, मावशी, तुमी टपावर बसा."

मला रागवायला वेळ नव्हता. मी एवढाच विचार केला की महिन्यातला हा तिसरा गुरुवार आहे आणि बाहेर अकरा तोंडं बसली आहेत. ती कशी का आली असेनात. मी डॉक्टरजवळ गेले आणि म्हटलं, "मॅडम, राग नंतर करा. आधी सगळ्यांची तोंडं बघून घ्या. पुन्हा या येणार नाहीत."

तिनं ऐकलं. एकेकीला खुर्चीत घेतलं. मी कागदावर आकडे लिहीत गेले. पाच, सहा, सहा, सात. अकराच्या अकरा जणींची तीच कहाणी, कमी-जास्त. एकीच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता. ती बाई तिशीतली, लेकुरवाळी. डॉक्टर तिच्याशी फार वेळ बोलली आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. बाईनं चिठ्ठी चोळीत ठेवली आणि विचारलं, "मिश्री नंतर लावणार का?"

मग आत्यांचा नंबर आला. डॉक्टरनं लेप काढला, टाके काढले. खालची हिरडी फिकट गुलाबी, घट्ट. दात तारेत सरळ उभे. तिनं बोटानं ढकलून बघितलं. आधी झुलायचे, ते आता जेमतेम सरकत होते.

"खालचं छान झालंय," डॉक्टर म्हणाली. आवाजात गोडवा नव्हता. "वरचं मी करणार नाही."

"का वं?"

"कारण तुम्ही घरी जाऊन तंबाखू भाजणार. लावणार. आणि या अकरा जणींना देणार. मी इकडं शिवत बसणार, तुम्ही तिकडं उसवत बसणार. मला ते जमणार नाही. बाहेर जाऊन खरं काय ते सांगा, मिश्री सोडा. मग पुढच्या गुरुवारी या."

आत्या खुर्चीत पडल्या पडल्या छताकडं बघत होत्या. वरचे दोन दात हलत होते, ते त्यांना ठाऊक होतं. खालचे बांधून वरचे पडले तर काय उपयोग, हेही ठाऊक होतं.

"न्हाई सांगितलं तर?" त्यांनी मला विचारलं.

"तर शिरूर," मी म्हटलं.

त्या उठल्या, लुगडं सारखं केलं आणि बाहेर गेल्या. मी दारात उभी राहिले. बाया आता कंटाळल्या होत्या. एकीनं डब्यातली भाकरी काढली होती.

"ऐका गं," आत्या म्हणाल्या. "ती मिश्री न्हाई. मिश्रीनं माझी हिरडी खाल्ली, म्हणून ती कापून शिवली. वर लेप दिलता. तुम्ही बी मिश्री सोडा. मी सोडली."

मग मामी म्हणाली, "हां."

"काय हां?"

"कळलं की. आता तुला दौंडची लागली, म्हणून आमची बंद व्हय? सोता गुलाबी लावायची आन् आम्हाला सोडायला सांगायची."

"आगं, शपथ घिऊन सांगते..."

"तोंड उघड," मामी म्हणाली.

आत्यांनी तोंड उघडलं. मामी वाकून बघायला लागली. मग बाकीच्या उठल्या. अकरा बाया ओळ करून एकेक आत्यांच्या तोंडात बघून गेल्या, मागची पुढचीला म्हणत होती, सरक की, मला दिसंना. आणि दिसलं काय, तर आठ दिवसांपूर्वी काळपट असलेली हिरडी लहान पोरीसारखी गुलाबी झालेली.

"बघा!" मामी म्हणाली. "रंग बघा! आन् म्हणती मिश्री न्हाई!"

"ती तार कसली?" दुसरीनं विचारलं. "चांदीची का?"

"व्हय, चांदीची," तिसरी म्हणाली. "हिचा लेक कंपनीत हाय, घातली आसंल."

आत्या हतबल होऊन माझ्याकडं बघायला लागल्या. मोठे डॉक्टर दारात उभे राहून हसत होते. हिरड्यांच्या डॉक्टरनं डोक्याला हात लावला होता. मला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता. मी पुढं झाले.

"मामी," मी म्हटलं, "हिरडी घट्ट होते ना मिश्रीनं?"

"व्हती की."

"किती वर्षं लावता?"

"न्हाण आलं तवापासनं."

"मग एक काम करा. पुढच्या दाताला बोट लावा. लावा की. आता हलवा."

मामीनं बोट लावलं. तिचा हात तसाच राहिला. तिच्या शेजारणीनं तिच्याकडं बघितलं आणि स्वतःचं बोट तोंडात घातलं. मग तिसरीनं. बघता बघता बाकड्यावरच्या आणि खालच्या, अकराच्या अकरा बाया बोट तोंडात घालून आपापले दात हलवत बसल्या. तेवढ्यात बाहेरून एक माणूस दाढ दाखवायला आला, त्यानं ते दृश्य बघितलं आणि आल्या पावली निघून गेला.

"माझा हलतोय," एक बारीक आवाजात म्हणाली.

"माझं दोन."

"दोन काय, माझी सगळी वळ हलती, बघ."

"दाखव. ह्ये काय हलणं झालं? माझा बघ, पार वाकतोय."

मामीनं शेवटी बोट काढलं, पदराला पुसलं आणि आत्यांना म्हणाली, "मंग तू आमाला चाळीस वर्सं काय भाजून दिलंस?"

आत्या म्हणाल्या, "तुम्ही आणून दिलं ते."

त्या दिवशी अकरांपैकी सहा जणींनी पुढच्या गुरुवारचा नंबर घेतला. बाकीच्यांनी सांगितलं की विचार करून कळवतो, आणि जीपमध्ये बसताना आत्यांना पुढची जागा दिली नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी सहा नावं बघितली आणि खुर्चीबद्दल बोलायचं सोडून दिलं.

आत्यांनी मिश्री सोडली. सोपं गेलं नाही, आणि ते दिवस मी इथं लिहीत नाही, कारण शेजारीण अजून आमच्याशी बोलत नाही. वरची बाजू झाली. तीही तारेत बांधली. या खेपेला लेप लावल्यावर त्या आठ दिवस माझ्याकडं राहिल्या आणि कुणी विचारलं तर आधीच सांगून टाकायच्या, कापलंय, शिवलंय, मिश्री न्हाई.

भाजणं मात्र सहजी सुटलं नाही. गावात दुसऱ्या कुणाचा हात बसला नव्हता. उन्हाळ्यात मी गावी गेले तेव्हा मामीची सून परसात तवा मांडून बसली होती आणि आत्या लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, नाकाला पदर लावून उभ्या.

"आत्या, हे काय? डॉक्टरला काय कबूल केलं होतं?"

"मी हात न्हाई लावत. ती नुस्तं इचारती, कवा उतरवू. मी सांगते."

"उतरवू का?" सुनेनं विचारलं.

"थांब अजून," आत्या म्हणाल्या.

तवा काळा धूर सोडत होता. मी खोकत होते. "उतरवू?" सुनेनं पुन्हा विचारलं.

"घाई नगं करू."

शेवटी तव्यावर राख उरली. "आता उतरव," आत्या म्हणाल्या. सून तव्यात बघत राहिली. "करपली वाटतं, काकू." आत्यांनी मान हलवली. "तंबाखूच तसली. शिरूरचा बाजार आता पयल्यासारखा राह्यला न्हाई." महिनाभरात ही पाचव्यांदा तंबाखू बाद निघाली, असं सून म्हणाली. आत्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

पुढं वर्षभर त्या तीन-तीन महिन्यांनी दौंडला येत राहिल्या. सळईचे आकडे उतरत गेले. चार, तीन, चार, तीन. फक्त खालच्या चारांतला डावीकडचा एक दात काही केल्या बसेना. आठचा सात झाला, मग पुन्हा आठ. शेवटच्या खेपेला डॉक्टरनं तो दोनदा मोजला आणि सळई खाली ठेवली.

"आजी, हा एक मला राखता आला नाही. काढावा लागेल. मोठे डॉक्टर काढतील, ते चांगले काढतात."

"त्यांच्याकडं मी जाणार न्हाई," आत्या म्हणाल्या. "तुम्ही काढा."

"मी गेली किती वर्षं दात काढलेला नाही."

"मंग माझ्यावर हात बसवा. आन् तोंड असं पाडू नका. शेतात धा रोपं लावली तर एखादं जातंच. तेवढ्यासाठी कुणी रडत बसत न्हाई."

डॉक्टरनं काढला. वेळ लागला नाही, तो आपण होऊनच हातात आला म्हणायला हरकत नाही. मग तिनं उरलेल्यांची तार नीट बसवली. जाताना आत्यांनी आरसा मागितला, फटीत जीभ घालून बघितली आणि फट पदरानं झाकली नाही. बाहेर बाकड्यावर गावच्या दोन बाया बसल्या होत्या. त्यांच्यासमोर उभ्या राहून त्यांनी ओठ वर केले. "एक गेला. मिश्रीनं गेला. बाकीचे बाईनं राखले. मोजून घ्या."

भर दुपारी आम्ही वडापच्या थांब्याकडं चालत निघालो. आत्या फटीतून हवा काढून बघत होत्या.

"काय करताय?"

"शिट्टी वाजती का बघते. एवढी फट पडली तर कायतरी उपेग व्हायला पायजे."

बाजारपेठ ओलांडेपर्यंत नुसती हवा निघत होती. पोस्टापाशी एकदम खणखणीत शिट्टी वाजली आणि एक रिक्षा कचकन थांबली.

"कुठं जायचं, मावशी?"

"कुठं न्हाई," आत्या म्हणाल्या. "दात बघत व्हते."

ऊन फार होतं. मी त्यांना रिक्षात ढकललं आणि आम्ही गेलो.